किड्या-मुंग्यांचे स्पर्शखेळ: पावसाळ्यात, घरी आणि बालवाडीत

पहिल्या पावसानंतर तीन-चार वर्षांच्या मुलांची नजर जमिनीला चिकटते. पायरीवरून निवांत चाललेला वाणी किडा, दिव्याखाली पंख गाळून पडलेली वाळवी, कुंडी उचलली की खालून निघणारं गांडूळ. मोठी माणसं झाडू शोधेपर्यंत मूल तिथे उकिडवं बसलेलं असतं. एवढं कुतूहल आयतं हाताशी असताना सेन्सरी प्लेच्या, म्हणजे स्पर्श-वास-आवाजाच्या खेळांच्या नावाखाली आपण काय करतो? बाजारातून प्लास्टिकच्या किड्यांचं पाकीट आणतो, ते रंगवलेल्या तांदळात पुरतो आणि मुलाच्या हातात चिमटा देतो. मूल थोडा वेळ रमतं. हातांना व्यायामही होतो, पण मुंगीबद्दल त्याला काडीचंही कळत नाही.

माझा आग्रह इतकाच, की खेळ त्या किड्याच्या वागण्यातून निघावा. मुंगी वासाच्या मागावर चालते, तर मुंगीचा खेळ नाकाचा हवा. रातकिडा पंखावर पंख घासतो, तर त्याचा खेळ घासण्याचा. असं केलं की सामानाचा खर्च जवळपास शून्यावर येतो. शिवाय खोट्या किड्यांशी खेळताना हलका झालेला हात खऱ्या किड्यापाशीही हलकाच पडतो.

खाली दिलेले खेळ ३ ते ६ वर्षांच्या मुलांसाठी आहेत. गांडूळ, गोगलगाय, वाणी आणि कोळी शास्त्रानुसार कीटक नाहीत. मुलांच्या यादीत मात्र ते असतात, म्हणून इथेही आहेत.

सामान, आणि काय घ्यायचं नाही

अन्नाशी खेळू नये हे आपल्या घरांत रुजलेलं आहे आणि मला ते पटतं. या खेळांना डाळ-तांदूळ लागतच नाहीत. भुईमुगाच्या शेंगांची टरफलं, कांद्याच्या साली, मक्याच्या कणसाचे केस, नारळाचा काथ्या, लाकडाचा भुसा, वाळकी पानं, कोकोपीट, चाळलेली माती. यातला प्रत्येक पदार्थ हाताला वेगळा लागतो आणि वासही वेगळा देतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा मॉन्टेसरीच्या महागड्या साधनांऐवजी परिसरातले दगड, बिया, शिंपले, पानं हेच शिक्षणाचं साहित्य केलं. ती वाट आजही उत्तम चालते.

बियांबाबत मात्र फार जपून. ढालकिडा, म्हणजे मुलांचा लाडका लेडीबग, करायला लाल-काळी गुंज अगदी बेतलेली वाटते. ती कधीही वापरू नका. गुंज चावली गेली तर जीवघेणं विष पोटात जातं. एरंड आणि मोगली एरंड यांच्या बियाही तशाच वर्ज्य. मोगली एरंडाच्या बिया खाऊन उलट्या-जुलाब झालेल्या मुलांना दवाखान्यात न्यावं लागल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. राजमा, वाल, चिंचोके, मणी नाकात-कानात जातात. तीन वर्षांच्या आतलं भावंड घरात वावरत असेल तर सोपी कसोटी लावा: टिश्यूपेपरच्या रिळातल्या पुठ्ठ्याच्या नळीतून जी वस्तू आरपार पडते, ती खेळात नको.

पाण्यात फुगणारे रंगीत जेलीचे मणीही नकोत. गिळले तर ते पोटात फुगून आतडं अडवू शकतात. बटनसेलवर चालणारे छोटे दिवेही कपाटात ठेवा. गिळलेला बटनसेल काही तासांत अन्ननलिका भाजून काढतो.

घमेल्यातलं बीळ

हा खेळ मी सगळ्यात आधी सुचवते, कारण तो सहसा बिघडत नाही.

कुंडीतली किंवा नर्सरीतली माती घ्या. रस्त्याकडेची किंवा कुत्री-मांजरं फिरतात तिथली नको. चाळून दोन दिवस कडक उन्हात पसरा. पावसाळा लागण्याआधीच एखादं पोतं वाळवून ठेवलं तर ऑगस्टपर्यंत पुरतं. चार तांबे मातीला एक तांबा कोकोपीट किंवा भुसा मिसळा. मग थोडं थोडं पाणी शिंपडत जा. मुठीत दाबल्यावर लाडू वळला पाहिजे, पण बोटांतून पाणी गळता कामा नये. फार ओली माती बोटांना चिकटते आणि निम्मी मुलं तिथेच हात मागे घेतात. फार कोरडी असेल तर बोगदा ढासळतो.

घमेल्यात निम्मी माती भरा, त्यावर पुठ्ठ्याच्या दोन-तीन नळ्या आडव्या-तिरक्या ठेवा आणि उरलेली माती वर दाबा. नळ्यांची तोंडं मोकळी राहू द्या. झालं बीळ.

आता मुलांना सांगा, की मुंगीच्या बिळात अंधार असतो. ती डोळ्यांपेक्षा डोक्यावरच्या दोन मिश्यांनी जास्त ओळखते. समोर दुसरी मुंगी आली की मिशीला मिशी लावून बघते, आपल्यातली आहे की परकी. मग दोन मुलं समोरासमोर बसतात, घमेल्यावर जुना पंचा टाकायचा आणि दोघांनी आपापल्या बाजूने बोगद्यात दोन बोटं सरकवायची. मधे बोटाला बोट लागतं तेव्हा जी किंकाळी फुटते ती शेजारच्या वर्गापर्यंत जाते. आवाजाची तयारी ठेवा.

पुढच्या फेरीत बिळाच्या तोंडाशी टरफलांचा ढीग ठेवा. मुंगीला हात नसतात, ती जबड्यात धरून ओझं नेते. म्हणून मुलांनीही अंगठा आणि तर्जनी एवढंच वापरायचं. एका वेळी एकच टरफल, आणि ते चुरगळलं तर ओझं वाया. शेंगेचं टरफल यासाठी फार चांगलं, कारण जोर जास्त झाला की लगेच कडकन मोडतं. आपला जोर किती हे मुलाच्या कानाला आणि बोटाला एकदमच कळतं, आपण ‘हळू, हळू’ ओरडायची गरज उरत नाही. पुढे पेन्सिल धरायलाही ही पकड उपयोगी पडते, हा वरचा फायदा.

वारूळ मुंग्यांचं असतं असं आपण म्हणतो, पण ते बांधते वाळवी, माती आणि लाळ कालवून. मुलांना हे सांगितलं की ती लगेच वारूळ करायला निघतात. करू द्या. त्याच मातीत थोडं पाणी वाढवा, लाळ समजून.

वासाची वाट

जुन्या चादरीच्या, साधारण तीन मीटर लांबीच्या दोन पट्ट्या फाडा. एकीवर लिंबाची साल चांगली रगडा, दुसरीवर कांद्याची फोड. एका जागी दोन्ही पट्ट्या एकमेकींवरून जाऊ द्या आणि लिंबाच्या पट्टीच्या टोकाला ‘खाऊ’ ठेवा: फणसाचं वाळकं पान, रंगीत खडा, काहीही. मुलं रांगत, नाक जमिनीला लावून लिंबाचा माग काढतात. फाट्यावर थांबून दोन्हीकडे हुंगतात. सर्दी झालेल्या मुलाला हा खेळ जमत नाही आणि ते बिचारं चिडतं. त्याला वाट घालणाऱ्या मुंगीचं काम द्या. साल रगडत पुढे जायचं काम तसंही जास्त मानाचं आहे.

हा खेळ झाला की त्याच दिवशी खऱ्या मुंग्यांकडे जायचं. ओट्याच्या कोपऱ्यात किंवा अंगणात गुळाचा खडा ठेवा. काळ्या मुंग्यांची रांग लागली की मधल्या एका जागी ओल्या फडक्याने रांगेला आडवी रेघ पुसा. मुंग्या त्या रेघेपाशी थबकतात, इकडेतिकडे फिरतात, मिश्या हलवतात, आणि थोड्या वेळाने वाट पुन्हा सांधली जाते. स्वतः नाक घासत वाट शोधलेल्या मुलाला इथे काहीही समजावावं लागत नाही. लाल मुंग्यांवर हा प्रयोग करू नका, त्या चावतात.

जे मूल हातच लावत नाही

प्रत्येक गटात असं एखादं तरी मूल असतं. त्याचा हात धरून मातीत बुडवणं हा सगळ्यात वाईट उपाय. आधी त्याला चमचा द्या, मग रंगाचा ब्रश, मग बंद प्लास्टिकच्या पिशवीतली माती बाहेरून दाबायला द्या. शेजारी कोरडं फडकं आणि पाण्याचा मग ठेवा. हात केव्हाही धुता येतील याची खात्री पटली की बरीच मुलं आपणहून एक बोट टेकवतात. काही मुलं महिनाभर नुसती बघतात. बघणं हाही त्या मुलाचा सहभागच. मात्र माती, कणीक, वाळू, केसांचा कंगवा, कपड्याचा टॅग असं सगळंच मुलाला असह्य होत असेल, जेवणही त्यापायी अडत असेल, तर बालरोगतज्ज्ञांशी किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टशी बोलावं.

आणि आपण मोठ्यांनी ‘ई!’ म्हणणं आवरायला हवं. झुरळाची भीती अनेकदा आईकडून किंवा काकूकडून वारशाने येते. भीती वाटत असेल तर सरळ सांगावं, ‘मला जरा भीती वाटते, मी लांबून बघते.’ मुलांना ते चालतं.

साडीतला कोष

जुनी मऊ सुती साडी जमिनीवर अंथरा, मूल एका टोकाला आडवं झोपवा आणि सावकाश गुंडाळत न्या. नियम तीन: कापड खांद्याच्या वर जायचं नाही, एका वेळी एकच मूल, आणि ‘सोड’ म्हटलं की त्या क्षणी सोडायचं. गुंडाळल्यावर तळहातांनी पाठ-पाय हलके दाबत जा. सगळ्या अंगावर सारखा दाब आला की बरीच धांदरट मुलंही शांत पडतात. मग हळूहळू वळवळत त्याने स्वतःच बाहेर यायचं. बाहेर पडल्या पडल्या उड्या मारायला लावू नका. कोषातून आलेलं फुलपाखरू आधी ओले, चुरगळलेले पंख लोंबवत स्वस्थ बसतं. पंख भरून वाळले की मगच उडतं. तसंच मुलानेही हात लोंबते ठेवून थोडं थांबायचं.

दुपारच्या झोपेआधी हा खेळ फार उपयोगी पडतो.

आवाज आणि अंधार

रातकिड्यासाठी एक कंगवा आणि जुनं एटीएम कार्ड पुरतं. नराच्या एका पंखावर कंगव्यासारखी दातेरी रेघ असते आणि दुसऱ्या पंखाची कड तिच्यावर घासली जाते, त्यामुळे कार्डाने कंगवा खरवडणं ही जवळपास तीच यंत्रणा आहे. हळू घासा, भरभर घासा, कंगवा रिकाम्या करवंटीवर टेकवून घासा. करवंटीवर आवाज मोठा होतो. संध्याकाळी दिवे मालवून खिडकीशी बसा आणि मुलांना ऐकलेला आवाज कंगव्यावर काढायला सांगा. आपण जवळ गेलो की रातकिडा गप्प होतो, हेही त्यांच्या लक्षात येऊ द्या.

काजव्यांसाठी टेबलावर चादरी सोडून खाली अंधार करा. टॉर्चवर पिवळ्या-हिरव्या जिलेटीन कागदाचा तुकडा रबराने बांधा. काजवे चमकण्याच्या तालावरून जोडीदार ओळखतात, म्हणून एकाने दोनदा लुकलुकवायचं आणि दुसऱ्याने तेवढंच उत्तर द्यायचं. मग तीनदा, मग लांब-आखूड. मे महिन्याच्या शेवटी किंवा जूनच्या सुरुवातीला भंडारदरा, पुरुषवाडीकडे काजवे बघायला जाणार असाल तर हा खेळ आधी घरी खेळा. तिथे टॉर्च लावायचा नाही, कारण त्या उजेडात काजव्यांना एकमेकांचं बोलणं दिसत नाही, हे मुलं मोठ्यांना दटावून सांगतात.

कणकेचे किडे, गोगलगायीचा माग

दोन वाट्या जुनी कणीक किंवा मैदा, अर्धी वाटी मीठ, एक चमचा तेल आणि लागेल तसं पाणी, साधारण पाऊण वाटी. रंगासाठी हळद, बिटाचं पाणी, पालकाचा रस. मळून फ्रिजमध्ये ठेवलं तर चार-पाच दिवस टिकतं. मीठ खूप आहे आणि पीठ कच्चं आहे, त्यामुळे ते तोंडात घालायचं नाही. सगळंच तोंडात घालणाऱ्या मुलांसाठी हा गोळा नको आणि शाडूची मातीही नको. पायांसाठी खराट्याच्या काड्या टोचतात, मेथीचे देठ छान. डोकं, छाती, पोट असे तीन गोळे, आणि सहाही पाय मधल्या गोळ्याला. आठ पाय लावले तर कोळी झाला, चूक म्हणू नका.

एक चमचा इसबगोल वाटीभर पाण्यात दहा मिनिटं भिजवलं की बुळबुळीत होतं. स्टीलच्या ताटावर तळहाताने पसरायचं आणि बोटाने गोगलगाय चालवायची. कोरडं इसबगोल मुलांच्या हाती देऊ नका. गिळलं तर ते घशात फुगतं. पावसाळ्यात शंख-गोगलगायी हाताळू नका, त्यांच्यावर आपल्याला बाधणारे परजीवी असू शकतात. म्हणूनही हा खोटा माग बरा.

खरा किडा: कढीपत्त्यावरचा सुरवंट

एवढ्या तयारीनंतर खरा किडा घरात आणायला हरकत नाही. त्यातही सगळ्यात सोपा कढीपत्त्यावरचा किंवा लिंबावरचा सुरवंट. कॉमन मॉरमॉन आणि लाइम बटरफ्लाय ही दोन्ही फुलपाखरं इथे अंडी घालतात. २०१५ साली महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ठरलेलं ब्लू मॉरमॉन त्यांच्याच कुळातलं आणि लिंबूवर्गीय झाडांवरच वाढणारं. लहान सुरवंट काळपट-पांढरा, हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखा दिसतो, म्हणून पक्षी त्याला सोडून देतात आणि आपणही. मोठा होतो तेव्हा हिरवागार.

केसाळ सुरवंट मात्र लांबूनच बघायचे. पावसाळ्यात शेवग्याच्या खोडाला ते झुंडीने चिकटलेले असतात. केस टोचले तर चोळू नका. चिकटपट्टी लावून अलगद ओढा, मग साबणाने धुवा. डोळ्यात गेले किंवा अंग सुजलं तर थेट डॉक्टर.

सुरवंट बोटाने उचलू नका, तो बसलेली फांदीच कापा. ती फांदी पाण्याच्या छोट्या बाटलीत ठेवा आणि बाटलीचं तोंड फांदीभोवती कापसाने घट्ट बंद करा. हे राहिलं तर सुरवंट देठावरून खाली उतरतो आणि बुडून मरतो. बाटली मोठ्या बरणीत ठेवा, तळाला कागद, तोंडाला मलमलचं फडकं आणि रबर. एक तिरकी काडी आत ठेवा, कोषासाठी. बरणी उन्हात नको. पानं फक्त घरच्या किंवा ओळखीच्या झाडाची घाला. बाजारच्या कढीपत्त्यावर फवारणी असू शकते आणि सुरवंट त्याने दगावतो.

रोज सकाळी कागद बदलायचं काम मुलांचं. काळ्या-हिरव्या शीच्या गोळ्या मोजणं हा त्यांच्या दिवसाचा कळस असतो. शांत खोलीत बरणीला कान लावला की मोठ्या सुरवंटाच्या खाण्याचा आवाजही येतो. मऊ ब्रशने त्याला मानेपाशी हलकेच टेकवलं तर तो डोक्यामागून लालसर दुहेरी शिंग बाहेर काढतो आणि तीव्र वास सोडतो. हा त्याचा बचाव आहे, म्हणून एकदाच दाखवा, सगळ्यांना हुंगू द्या, मग त्याला त्रास नको. तो निपचित बसला आणि खात नसला तर बहुधा कात टाकतोय. त्या दिवशी हात लावायचा नाही.

दोन-तीन आठवड्यांत तो काडीला धाग्याने स्वतःला बांधून कोष करतो. मग आठ-दहा दिवस काहीच घडत नाही. हे दिवस मुलांना फार जड जातात. भिंतीवर कागद लावून रोज एक ठिपका काढू द्या. कोष गडद झाला आणि आतले पंख दिसू लागले की फुलपाखरू एक-दोन दिवसांत निघतं. पंख वाळेपर्यंत बरणी हलवू नका, नंतर झाडापाशी नेऊन उघडा. पाऊस कोसळत असेल तर उघडीप येईपर्यंत थांबा.

कधीकधी कोषातून फुलपाखराऐवजी माशी किंवा बारीक गांधीलमाशा निघतात. त्यांनी सुरवंटाच्या अंगात आधीच अंडी घातलेली असतात. मुलांना खरं सांगा: माशीच्या पिल्लांनी आतून त्याला खाल्लं. मुलं हे आपल्यापेक्षा सहज पचवतात आणि पुढचा प्रश्न विचारतात, बहुतेक वेळा ‘दुखलं का त्याला?’

प्रत्येक खेळानंतर साबणाने हात, नखांखालीही. वाणी हाताळला असेल तर आधी हात धुवायचे, मगच डोळे चोळायचे. तो घाबरला की झोंबणारा स्राव सोडतो. खेळाचं पाणी त्याच दिवशी ओतून टाका आणि घमेली पालथी घाला. साठलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डास तयार होतात. मुलांना डासांच्या अळ्या बघायच्याच असतील तर झाकण लावलेल्या बरणीत, तुमच्या नजरेखाली, आणि एक-दोन दिवसांत ते पाणी कोरड्या मातीवर ओतून मोकळं व्हा.